वास हरवलेले नाक

दूध उतू जाऊन करपले तरी शेजारीच उभ्या असलेल्या गृहिणीला त्याचा पत्ता लागत नाही. बाहेरच्या खोलीतून कोणी ओरडले की मग गॅस बंद होतो. 'जुनी सर्दी आहे' म्हणून घरातले सारे ही गोष्ट हसण्यावारी नेतात. वास्तविक स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणूनच त्यात उग्र दर्पाचे रसायन मिसळलेले असते. वास न येणाऱ्याला हा इशारा मिळतच नाही.

महिनोन् महिने चोंदलेले नाक आणि हरवलेला वास, ही नाकातील पॉलिपची ठळक लक्षणे होत. कपाळ, गाल, डोळ्यांमधील भाग आणि नाकाची मागची बाजू येथील हाडांत हवेच्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. यांनाच सायनस म्हणतात. त्यांतील स्राव अरुंद वाटांनी नाकात उतरतो. अस्तराला सूज येऊन या वाटा बुजल्या की स्राव साचतो आणि सायनसायटिस होतो. हा त्रास बारा आठवड्यांहून अधिक टिकल्यास तो जुनाट समजला जातो. दीर्घकाळ सुजलेले अस्तर काही जणांत सोललेल्या द्राक्षासारखे लोंबू लागते. तोच पॉलिप. बोलीभाषेत त्याला 'मांस वाढणे' म्हणतात, आणि अनेकदा 'हाड वाढणे' याच्याशी त्याची गल्लत केली जाते. हाड वाढणे म्हणजे बहुधा नाकाचा पडदा वाकडा असणे. तो निराळा विषय. पॉलिप सहसा दोन्ही बाजूंना असतात व कर्करोगाचे नसतात. मात्र एकाच नाकपुडीत गाठ असेल किंवा रक्त येत असेल, तर तपासणी टाळू नये.

परिणाम नाकापुरते राहत नाहीत. रात्रभर तोंडाने श्वास, घोरणे, तुटक झोप आणि दिवसभर जड डोके, असे चक्र सुरू होते. अन्नाची चव जाते. दमा असणाऱ्यांत पॉलिप अधिक आढळतात. पॉलिप व दमा असलेल्या काही रुग्णांना अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्यावर दम्याचा तीव्र झटका येतो. डोके दुखले की दुकानातून गोळी आणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

सायनसच्या पातळ भिंतींपलीकडे डोळे आणि मेंदू आहेत. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे, तीव्र डोकेदुखीसह मान आखडणे, यांपैकी काही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२१ मध्ये कोरोनानंतर मधुमेही रुग्णांत फैलावलेली म्युकरमायकोसिस ही बुरशी नाकातून डोळ्यापर्यंत याच मार्गाने पोहोचत होती. तो आजार वेगळा, वाट तीच.

उपचारांत पहिला मान स्टिरॉइडच्या फवाऱ्याचा आणि मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा. पाणी उकळून गार केलेलेच हवे. फवाऱ्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि आपले लोक चौथ्या दिवशी बाटली कपाटात ठेवतात! उलट नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब महिनोन् महिने घातले जातात. ते पाच दिवसांपलीकडे वापरल्यास नाक उलट अधिक चोंदते.

औषधांनी भागले नाही तर सीटी स्कॅन करून दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करतात. चेहऱ्यावर छेद द्यावा लागत नाही. तरीही पॉलिप पुन्हा उद्भवू शकतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतरही फवारा चालूच ठेवावा लागतो. वारंवार उद्भवणाऱ्या पॉलिपसाठी ड्युपिलुमॅब या इंजेक्शनला २०१९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण ते अतिशय महाग आहे.

फवारा मारताना डोके किंचित पुढे झुकवावे आणि नळीचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, तर त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने धरावे.