कार्बोरेटरमधला पांढरा कचरा

कपाशीवरची शेवटची फवारणी झाली की वऱ्हाडातले पेट्रोलवर चालणारे फवारणी पंप कोठीच्या कोपऱ्यात जाऊन बसतात. पुढच्या पावसाळ्यात बाहेर काढल्यावर त्यांतले काही, दोरी ओढून हात दुखले तरी, सुरू होत नाहीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत अंगणात उभ्या राहिलेल्या जुन्या मोटरसायकलीचेही असेच होते. अकोला-अमरावतीकडचा मिस्त्री कार्बोरेटर उघडतो आणि म्हणतो, "कचरा आला." हा कचरा म्हणजे रस्त्यावरची धूळ असावी, असे आपण समजतो. पण पुष्कळदा तो पिठासारखा पांढुरका असतो आणि कार्बोरेटरच्या स्वतःच्या धातूपासूनच बनलेला असतो. तो कसा तयार होतो आणि कसा टाळता येतो, ते पाहू या.

कार्बोरेटरचे अंग जस्ताच्या किंवा ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे ओतीव असते. त्याच्या तळाशी पेट्रोलची छोटी वाटी असते आणि त्या पेट्रोलात पितळी जेट बुडालेले असतात. पितळेत तांबे आणि जस्त असते. म्हणजे दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून एकाच द्रवात उभे आहेत. दहावीच्या पुस्तकातल्या विद्युतघटाची आठवण इथे व्हायला हवी. जस्ताचे प्रमाण विभव उणे ०.७६ व्होल्ट, तर तांब्याचे अधिक ०.३४ व्होल्ट. घट तयारच आहे. उणीव आहे ती फक्त वीज वाहून नेणाऱ्या द्रवाची.

शुद्ध पेट्रोल विजेचे दुर्वाहक आहे. त्यामुळे हे धातू त्यात वर्षानुवर्षे सुखाने नांदले. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. आपल्या देशात २००१ साली मिरज, मनमाड आणि बरेली येथे त्याचे प्राथमिक प्रयोग झाले. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह ९ राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. २० टक्क्यांचे मिश्रण २०२३ मध्ये विक्रीस आले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रुळले. ऊस, मका, तांदूळ यांपासून बनणारे हे इंधन आयात तेलाची गरज कमी करते. ते म्हणजे भेसळ नव्हे, हे विद्यार्थ्यांना सांगायला हवे. मात्र त्याचा स्वभाव पेट्रोलपेक्षा वेगळा आहे, हेही सांगायला हवे.

इथेनॉल पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते आणि हवेतली वाफही शोषून घेते. कार्बोरेटरच्या वाटीला हवेसाठी वाट ठेवलेली असते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात. मग जुलैची दमट हवा त्याच वाटेने आत येते. पाणी ठरावीक मर्यादेबाहेर गेले की इथेनॉल पेट्रोलची साथ सोडते आणि पाणी व अल्कोहोल यांचा वेगळा थर तळाशी बसतो. गारठ्यात ही मर्यादा आणखी खाली येते. मिश्रणात इथेनॉल जास्त असेल, तर थर वेगळा होण्याआधी अधिक पाणी सामावले जाते, हे खरे. पण तेच पाणी इंधनाची विद्युतवाहकता वाढवते. त्यात क्षारांचा अंश असेल किंवा इथेनॉलच्या ऑक्सिडीकरणातून थोडे ॲसेटिक आम्ल बनले असेल, तर काम आणखी सोपे होते.

आता घट पूर्ण झाला. जस्त इलेक्ट्रॉन सोडून द्रवात उतरते. पितळेच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो. जस्ताचे हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट तयार होते. हाच तो पांढरा कचरा. पायलट जेटचे छिद्र साधारण अर्ध्या मिलिमीटरचे असते. ते बुजायला चिमूटभर पीठही पुरते.

हा प्रश्न इतरांनी कसा सोडवला? ब्राझीलमध्ये १९७५ साली अल्कोहोल इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये केवळ अल्कोहोलवर धावणाऱ्या मोटारी बाजारात आल्या. तिथल्या कारखान्यांनी कार्बोरेटरच्या आतल्या भागावर निकेलचा मुलामा चढवला, म्हणजे धातू आणि द्रव यांची भेटच होऊ दिली नाही. मेथेनॉल वापरणारे शर्यतीच्या गाड्यांचे मिस्त्री दुसरा मार्ग घेतात. मेथेनॉल तर इथेनॉलपेक्षाही धातूंना जास्त त्रासदायक. म्हणून शर्यत संपली की ते टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करतात, थोडा वेळ इंजिन साध्या पेट्रोलवर चालवतात आणि मगच गाडी ठेवून देतात. तिसरा मार्ग म्हणजे गंजरोधक रसायन. त्याच्या लांब रेणूचे एक टोक धातूला चिकटते आणि उरलेला भाग पाण्याला दूर ठेवतो.

आपल्या मोटरसायकलीचा धातू आपण बदलू शकत नाही, पंपावर मिळणारे इंधनही नाही. पण गंजण्याला वेळ लागतो आणि तो वेळ न देणे आपल्या हातात आहे. रोज चालणाऱ्या गाडीच्या वाटीतले पेट्रोल सतत बदलत असते. तिथे हा त्रास फारसा होत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे आणि वाटीचा तळस्क्रू सैल करून उरलेले थेंब काढावेत. टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे दमट हवेला आत जागा कमी राहते. फवारणी पंप हंगामभर बंद राहतो; त्याची टाकीही रिकामी करावी. हे काम उघड्यावर, विडी-चुलीपासून दूर करावे. नळी लावून तोंडाने पेट्रोल ओढू नये. बुजलेला जेट हवेच्या झोताने साफ करावा. पोलादी तारेने छिद्र मोठे होते. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक दुचाकींत कार्बोरेटर नाही, पण त्याआधीच्या गाड्या अजून गावोगाव धावत आहेत.

वर्गात हे दाखवायला पेट्रोल मुळीच नको. जस्ताची पट्टी आणि पितळेचा तुकडा गॅल्व्हॅनोमीटरला जोडून आधी शेंगदाणा तेलात बुडवा. काटा हलणार नाही. मग पुसून पाण्यात बुडवा आणि त्यात चिमूटभर मीठ व चमचाभर व्हिनेगर घाला. काटा सरकताच विद्यार्थ्यांना विचारा: तेलाच्या जागी पेट्रोल आणि खारट पाण्याच्या जागी वाटीतला तळथर धरला, तर गंज थांबवण्यासाठी या मांडणीतली कोणती गोष्ट काढून घ्याल? उत्तर मुलांकडूनच येऊ द्या. घरी वडिलांच्या पंपापर्यंत ते आपोआप पोहोचेल.