निळ्या खोलीतील सूर्यप्रकाश

निळ्या खोलीतील सूर्यप्रकाश : डॅनिश चित्रकर्त्री आना आंकर (१८५९–१९३५) हिचे विख्यात तैलचित्र (१८९१). ते स्कागेन येथील संग्रहालयात आहे. निळ्या भिंतींच्या खोलीत तिची मुलगी हेल्गा विणकामात गढलेली असून, खिडकीतून आलेल्या उन्हाचे कवडसे भिंतीवर पडले आहेत. कोणताही प्रसंग न रंगविता प्रकाशालाच येथे चित्रविषयाचे स्थान दिले आहे. त्या काळी कोपनहेगनच्या शाही कला अकादमीत स्त्रियांना प्रवेश नसल्याने आनाने व्हिल्हेल्म क्यून याच्या खाजगी चित्रशाळेत शिक्षण घेतले. विवाहानंतर (१८८०) तिने चित्रकला सोडावी, हा त्याचा सल्ला तिने मानला नाही. स्कागेनचे इतर चित्रकार प्रामुख्याने समुद्रकिनारा व कोळीजीवन रंगवीत असता, तिने घरातील उजेडाचा चिकाटीने अभ्यास केला. त्याचे हे चित्र परिपक्व फळ होय.