सात वाटा, आठवा माणूस

अमेरिकेत ऑगस्ट महिना आला की एक वाद ठरलेला. एनएफएलच्या ३२ संघांपैकी एखादा संघ प्रीसीझनचा सामना खेळतो. गुणतक्त्यात या सामन्याला काहीच किंमत नसते. पण समोरचे खेळाडू आपल्या बचावफळीच्या मधून चेंडू घेऊन सुसाट पळाले, की त्या शहरात दोन तट पडतात. एक म्हणतो, यंदा आपलं रन डिफेन्स गेलं. दुसरा म्हणतो, मुख्य खेळाडू जेमतेम दहा-बारा प्ले खेळले, आत्ताच कसला निकाल लावता?

बाहेरच्याला हा वाद रिकामपणाचा वाटेल. मला तो फार लोभस वाटतो, कारण हे लोक ज्यावरून भांडतात ते कोडं विलक्षण आहे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमक संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे तीस फूट पुढे सरकायचं असतं. चेंडू हातात घेऊन पळणारा दर वेळी चार यार्ड काढू लागला, तर तीन प्रयत्नांतच काम होतं आणि त्या संघाला कुणी थांबवू शकत नाही. त्याला दोनच यार्ड मिळाले, तर चेंडू फेकण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि तो फेकणार हे सगळ्यांना आधीच कळतं. सगळा झगडा या दोन यार्डांचा, सहा फुटांचा आहे.

आता ती ओळ डोळ्यांसमोर आणा. आक्रमणाचे पाच लाइनमन आणि कडेला एक टाइट एंड, असे सहा जण वाकून उभे आहेत. सहा माणसांमध्ये पाच फटी आणि दोन टोकांना दोन, अशा सात वाटा. बचावाच्या बाजूनं पुढे चार लाइनमन आणि त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर. सात वाटा, सात राखणदार, हिशोब जुळला. इतक्यात धावपटूच्या पुढून एक फुलबॅक ओळीत घुसतो. तो जिथे घुसतो तिथे एका वाटेच्या दोन होतात. सातच्या आठ झाल्या. किंवा ओळीतला एक गार्ड उठून मागच्या मागे दुसऱ्या टोकाला धावतो. इकडची वाट मिटते, तिकडे नवी उगवते. या वाटा मैदानावर आखलेल्या नसतात. चालत्या माणसांनीच त्या तयार होतात आणि दर क्षणी सरकतात. बचावातल्या प्रत्येकाला, १४० किलोंचा माणूस अंगावर रेलत असताना, आपली वाट कुठे गेली हे सेकंद-दीड सेकंदात ओळखून तिथे पाय रोवायचे असतात. आठवी वाट बुजवायला मागून सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, धावत येतो.

यातली खरी गंमत म्हणजे चूक एकाची आणि खिंडार दुसरीकडे. कबड्डीत एखादा बचावपटू चढाईवाल्याच्या हुलीला भुलून साखळी सोडतो आणि नेमकी तिथूनच सुटका होते, तसाच प्रकार. लाइनबॅकरला वाटतं, शेजारच्याला मदत करू या. तो अर्धं पाऊल सरकतो, आणि त्यानं सोडलेल्या जागेतून धावपटू निसटतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे शिव्या खातो तो शेवटी हात घालून हुकलेला माणूस. २०१२ पासून एनएफएलनं सगळे २२ खेळाडू एकाच वेळी दिसतील असं वरून घेतलेलं चित्रण चाहत्यांसाठी खुलं केलं. तेव्हापासून हे वाद किती बारकाईनं घातले जातात ते पाहून मी थक्क होतो.

वाटा बुजवण्याचा एक मार्ग निव्वळ आकारमानाचा. २००० च्या बाल्टिमोर रेव्हन्सनी मध्यभागी सॅम अॅडम्स आणि टोनी सिरागुसा हे दीडशे किलोंच्या आसपासचे दोघे उभे केले. त्यांना हलवण्यात समोरचे इतके गुंतून पडायचे की मागचा लाइनबॅकर रे लुइस मोकळा राहायचा. १६ सामन्यांत त्यांनी धावण्यातून फक्त ९७० यार्ड दिले आणि सुपर बोल हा अंतिम सामना जिंकला.

पण मला जास्त भुरळ पडते ती २००६ च्या इंडियानापोलिस कोल्ट्सची. प्रशिक्षक टोनी डंजींची बचावफळी हलकी आणि चपळ होती, आणि ज्यानं त्यानं आपली एकच वाट सांभाळायची ही तिची रीत. ती रीत कोलमडली. नियमित हंगामात त्यांनी धावण्यातून सामन्यामागे १७३ यार्ड दिले, अख्ख्या लीगमध्ये सर्वांत वाईट. १० डिसेंबरला जॅक्सनव्हिलनं तर एकाच सामन्यात ३७५ यार्ड काढले. पुढे प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात गाठ पडली कॅन्सस सिटीच्या लॅरी जॉन्सनशी. त्या हंगामात त्यानं ४१६ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली होती. एवढ्या धावा एका हंगामात कुणीच घेतलेल्या नाहीत. या सामन्यात त्याला मिळाले ३२ यार्ड. त्याच्या अख्ख्या संघाला ४४. पुढच्या तीन सामन्यांत कोल्ट्सनी ८३, ९३ आणि १११ यार्ड दिले आणि ४ फेब्रुवारी २००७ ला मायामीत शिकागो बेअर्सना २९–१७ नं हरवून ते विजेते झाले.

झालं काय होतं? बॉब सँडर्स परतला होता. पाच फूट आठ इंचांचा हा सेफ्टी दुखापतींमुळे नियमित हंगामात चारच सामने खेळू शकला होता. आठवी वाट बुजवणारा तो हाच. एका माणसानं एवढा फरक कसा पडेल? माझ्या मते, मागचा माणूस वेळेवर येणारच अशी खात्री असली की पुढचे सात जण शेजारच्या वाटेत डोकावत नाहीत. ज्यानं त्यानं आपली जागा धरली की आठही वाटा एकदम मिटतात.

ऑगस्टमध्ये ही खात्री कुठून येणार? शिबिरात ९० खेळाडू असतात, त्यांतले ५३ उरायचे असतात. शेजारी उभा असलेला माणूस महिनाभरानं संघात असेल की नाही, हेही ठाऊक नसतं. प्रशिक्षक ठेवणीतले डाव झाकून ठेवतात. सरावात आपल्याच सोबत्याला सहसा कुणी जमिनीवर पाडत नाही, आणि २०११ च्या खेळाडू-मालक करारानंतर पूर्ण पॅड बांधून होणारे सरावही कमी झाले. त्यामुळे खरंखुरं टॅकल कित्येकांना महिन्यांनंतर प्रीसीझनच्या सामन्यातच पहिल्यांदा करायला मिळतं. अशा सामन्यांचे निकाल चकवतात. डेट्रॉइट लायन्सनी २००८ मध्ये प्रीसीझनचे चारही सामने जिंकले आणि मग खऱ्या हंगामातले सोळाच्या सोळा हरले. २०१७ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सच्या बाबतीतही अगदी तेच झालं.

सरासरीचा आकडाही चकवतो. कोल्ट्सच्याच सुपर बोलमध्ये बेअर्सच्या थॉमस जोन्सनं १५ धावांत ११२ यार्ड काढले, धावेमागे जवळजवळ साडेसात. भयानक वाटतं. पण त्यातली एकच धाव ५२ यार्डांची होती. उरलेल्या १४ धावांत मिळून ६०.

म्हणून प्रीसीझनमध्ये मी यार्ड मोजत नाही. धडक बसल्यावर बचावाच्या लाइनमनचे खांदे समोर राहिले की तिरपे झाले, तो ढकलला गेला का, टोकाच्या माणसानं धावपटूला बाहेरून निसटू दिलं का, एवढंच पाहतो. समजा, मधला नोज टॅकल समोरच्या दोघांचा भार अंगावर घेऊनही हलत नाही. धावपटू बाहेर वळतो, तिथे डिफेन्सिव्ह एंड पाय रोवून उभा. धावपटू पुन्हा आत येतो आणि दोन यार्डांवर एका राखीव लाइनबॅकरच्या हाती सापडतो. टॅकल नोंदवलं जातं लाइनबॅकरच्या नावावर. बाकीच्या दोघांची त्या प्लेच्या आकडेवारीत कुठेच नोंद होत नाही.