मैदानाआधी वाटेचा हिशेब

मुंबई, प्रतिनिधी : भाड्याने मिळणारी कृत्रिम हिरवळीची मैदाने, बॅडमिंटन कोर्ट किंवा जलतरण तलाव उभारताना मालक बहुधा एकच प्रश्न विचारतो : आवारात गाड्या किती मावतील? त्याआधी विचारायचा प्रश्न मात्र निराळा आहे. ऐन गर्दीच्या वेळी समोरचा रस्ता किती गाड्या सोसू शकेल? आरे कॉलनीत तर या प्रश्नाला बगल देणे शक्यच नाही.

१९४९ मध्ये शासकीय दुग्धवसाहत म्हणून वसविलेल्या आरेचा मुख्य रस्ता गोरेगावच्या पश्चिम द्रुतगती महामार्गापासून मरोळ-पवईकडे जातो. महामार्गावरील कोंडी टाळू पाहणारी वाहने याच रस्त्यावर येतात. आदिवासी पाडे आणि तबेल्यांची ये-जाही त्यावरूनच होते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना २०१६ मध्ये निघाली. २०२१ मध्ये आरेतील ८१२ एकर जमीन राखीव वन ठरली. नव्या बांधकामाला येथे कडक मर्यादा आहेत आणि झाडे तोडून रस्ता रुंद करणे हा सोपा पर्याय उरलेला नाही. म्हणूनच येथील किंवा आरेच्या वेशीवरील कोणत्याही क्रीडा व्यवसायाला आपला पसारा रस्त्याच्या मापाने बेतावा लागतो.

उदाहरणादाखल चार मैदाने धरू. प्रत्येकी १४ खेळाडू आणि एक तासाची पाळी. एका वेळी खेळणारे ५६. पण पाळी बदलताना जाणारे आणि येणारे एकत्र येतात व संख्या ११२ होते. दोघांमागे एक गाडी धरल्यास ५६ गाड्या झाल्या. उघड्या वाहनतळात फिरण्याच्या जागेसह एका गाडीला सुमारे २३ चौरस मीटर लागतात, म्हणजे एकूण सुमारे १,२९० चौरस मीटर. चारही मैदानांच्या पाळ्या १५-१५ मिनिटांच्या अंतराने सुरू केल्या, तर एका वेळी एकाच मैदानाची अदलाबदल होते. मग ७० माणसे, ३५ गाड्या आणि सुमारे ८०० चौरस मीटर पुरतात. केवळ वेळापत्रक बदलल्याने जागेची गरज एक तृतीयांशाहून अधिक घटते.

दुसरा हिशेब फाटकाचा. नव्या पाळीच्या २८ गाड्या दहा मिनिटांत आल्या आणि प्रत्येकीला पावती देण्यास अर्धा मिनिट लागला, तर वीसच गाड्या आत जातात. उरलेल्या आठ गाड्यांची सुमारे ४८ मीटरची रांग रस्त्यावर उभी राहते. त्या रांगेमागे एखादी रुग्णवाहिका अडकू शकते. म्हणून अडथळादांडा रस्त्यालगत न ठेवता आवारात तेवढ्या अंतरावर आत हवा, आणि पैसे नोंदणीच्या वेळीच घेतलेले बरे.

तिसरा मार्ग गाडीशिवाय येण्याचा. सुमारे ३३ हजार प्रेक्षकांचे वानखेडे स्टेडियम प्रेक्षकांसाठी मोठा वाहनतळ नसतानाही चालते, ते चर्चगेट स्थानक पायी अंतरावर असल्यामुळे. आरेजवळही आता मेट्रो आहे. सातव्या मार्गिकेवरील 'आरे' स्थानक एप्रिल २०२२ मध्ये महामार्गावर सुरू झाले, तर तिसऱ्या मार्गिकेवरील 'आरे जेव्हीएलआर' ऑक्टोबर २०२४ मध्ये. नावे सारखी वाटली तरी ही दोन स्थानके वसाहतीच्या दोन वेगळ्या कडांना आहेत. त्यामुळे कोणत्या स्थानकावर उतरायचे, हे संकुलाने नोंदणीच्या संदेशातच सांगावे आणि पाळीच्या वेळेनुसार तेथून लहान बस ठेवावी.

रात्रीची शेवटची पाळी हा वेगळाच विषय आहे. येथे बिबट्यांचा वावर असतो. अंधारात रस्त्याकडेला लावलेल्या गाडीपर्यंत चालत जाणे खेळाडूंसाठी धोक्याचे, आणि प्रखर दिवे व भोंगे वन्यजीवांना त्रासाचे. वाहनतळ आवारातच, दिवे मंद व जमिनीकडे झुकलेले आणि शेवटची पाळी लवकर संपणारी, एवढे पथ्य पाळावेच लागेल.

आवारात न मावलेली प्रत्येक गाडी शेवटी रस्त्यावरच उभी राहते. व्यवसायाचा नफा मालकाचा असला तरी त्या गाडीचे भाडे पाड्यावरचा पादचारी आणि बसमधला प्रवासी आपल्या वेळेने भरत असतो. परवानगीच्या अर्जावर मैदानाच्या नकाशाबरोबर पाळ्यांचे वेळापत्रक आणि फाटकावरील रांगेचा हिशेबही मागितला, तर हे भाडे बऱ्याच अंशी टळेल.