गोदावरीचं पाणी, केसलापूरचा नाग

तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यात, इंद्रवेल्ली मंडलात केसलापूर आहे. पौष अमावस्येला इथे नागोबाची जत्रा भरते. मान मेस्राम कुळातल्या गोंडांचा. पूजेचं पाणी मात्र गावातलं चालत नाही, ते गोदावरीचंच लागतं. जन्नारम भागातल्या हस्तिनमडुगू डोहावर जाऊन पांढऱ्या कपड्यांतली अनवाणी माणसं पितळी झारी भरतात आणि अनेक दिवस पायी चालत परततात. वाटेत झारी जमिनीला टेकवायची नाही. मुक्काम पडला की ती झाडाला लटकते. मग अमावस्येच्या रात्री या पाण्याने नागोबाची महापूजा होते. कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवाशी ओळखही इथेच होते. त्या विधीचं नाव ‘भेटिंग’, मराठी कानाला लगेच कळणारं.

जत्रेतला दरबार त्या मानाने अलीकडचा. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा ज्याच्या नावाशी जोडली जाते, तो गोंड नेता कोमरम भीम 1940 मध्ये जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारला गेला. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं. अधिकाऱ्यांनी जत्रेत बसून गाऱ्हाणी ऐकावीत, ही प्रथा त्यांच्या काळातली. अजूनही दरबार भरतो.

हा भाग महाराष्ट्राला लागूनच आहे: जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा, पलीकडे यवतमाळ. तिच्यावरच्या चनाखा-कोरटा बंधाऱ्याच्या नावात दोन्ही काठांची गावं आहेत, आधी आपलं चनाखा, मग त्यांचं कोरटा. त्याच्या करारावर दोन्ही राज्यांनी 2016 मध्ये सह्या केल्या.