दोन धुनी, एकाच वेळी

गाणं ऐकताना तुमचे कान कुठे असतात? गायकाच्या आवाजावर. बाकीची वाद्यं मागे साथीला. आता दोन-तीन धुनी एकाच वेळी चालू आहेत आणि त्यातली एकही साथीला नाही, असं संगीत ऐकून बघा. याला म्हणतात काउंटरपॉइंट आणि त्यातला बापमाणूस म्हणजे जर्मन संगीतकार योहान सेबास्टियन बाख.

सुरुवात त्याच्या ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’पासून करा. १७४१ साली छापलेली ही रचना. आधी एक संथ ‘एरिया’, मग तीस व्हेरिएशन्स, शेवटी पुन्हा तोच एरिया. पण मधल्या तीसमध्ये एरियाची धून शोधत बसू नका. तिथे टिकून राहते ती खालच्या सुरांची चाल. सत्ताविसाव्यापर्यंत दर तिसरं व्हेरिएशन म्हणजे ‘कॅनन’. एक धून निघते आणि दुसरी तिचीच नक्कल करत मागून येते.

बाखने हे लिहिलं हार्पसिकॉर्डसाठी. त्यात तार छेडली जाते, त्यामुळे बोट हळू पडो की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. पियानोवर मात्र प्रत्येक बोटाचा जोर वेगळा ठेवता येतो. म्हणजे कोणती धून पुढे आणायची, हे वाजवणारा ठरवतो. खरी मजा इथेच आहे.

कॅनडाच्या ग्लेन गूल्डने १९५५ मध्ये ही रचना रेकॉर्ड केली, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. म्हणजे साधारण तुमच्याच वयाचा! वेग भन्नाट. एरिया दोन मिनिटांच्या आत संपतो. पुढे हे वाजवणं त्याचं त्यालाच पटेनासं झालं. १९८१ मध्ये त्याने सगळं पुन्हा रेकॉर्ड केलं. तोच एरिया आता तीन मिनिटांहून जास्त चालतो आणि मागे त्याचं गुणगुणणंही ऐकू येतं. पुढच्याच वर्षी तो गेला.

आज एवढंच करा. फोन उलटा ठेवा, हेडफोन लावा आणि १९८१ चं तिसरं व्हेरिएशन तीनदा ऐका. जेमतेम दीड मिनिटाचं आहे. पहिल्यांदा पुढे निघालेली धून धरा, दुसऱ्यांदा मागून येणारी, तिसऱ्यांदा खालचा डावा हात. मध्येच धागा सुटेल. माझाही सुटतो. पुन्हा पहिल्यापासून लावायचं.

मग १९५५ चं ऐका आणि ठरवा, २२ चा गूल्ड खरा की ४८ चा? उत्तर कुठेतरी लिहून ठेवा. दहा वर्षांनी तेच दोन्ही पुन्हा ऐका.