टॅब्लेटवरची दुरुस्ती संगणकावर का पोहोचत नाही?

गेल्या वर्षीच्या सप्टेंबरातील गोष्ट. दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या एका दीर्घ लेखावरून शेवटचा हात फिरवण्याचे काम मी डेक्कन क्वीनमध्ये बसून टॅब्लेटवर उरकले. घाटातल्या बोगद्यांमध्ये नेटवर्क येत-जात होते, पण लिहिण्यात त्याचा अडथळा झाला नाही. मुंबईत उतरताना बॅटरीने मान टाकली. त्याचीही चिंता वाटली नाही, कारण फाइल ‘क्लाउड’वर होती. कार्यालयात येऊन संगणकावर तीच फाइल उघडली, तर समोर आदल्या रात्रीचा मजकूर! गाडीत केलेल्या दुरुस्त्यांचा मागमूस नव्हता. संपादकांचा तगादा चालू होता, म्हणून आठवेल तशा दुरुस्त्या पुन्हा केल्या. रात्री घरी टॅब्लेट चार्ज करून उघडला आणि एकाच लेखाच्या दोन फाइली झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांतली एक छापायला गेली. एका हयात गृहस्थांच्या नावामागे मी चुकून ‘कै.’ लिहिले होते. गाडीत ते काढले होते, कार्यालयात काढायचे राहिले, आणि छापायला गेली ती कार्यालयातली प्रत. त्या गृहस्थांनी दिलगिरीचे पत्र हसून स्वीकारले, हा त्यांचा मोठेपणा.

या साऱ्या प्रकारात बिघडले काहीच नव्हते. टॅब्लेट, संगणक आणि दूरचा सर्व्हर हे तिघेही आपापल्या नियमांप्रमाणेच वागले होते. संगणक आणि टॅब्लेट यांचे नियम वेगवेगळे आहेत, हे मला ठाऊक नव्हते एवढेच.

संगणकावर ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्ह बसवले, की त्यासोबत एक छोटा प्रोग्राम पडद्याआड सतत जागा राहतो. ठरलेल्या फोल्डरवर तो पहारा देतो. एखादी फाइल बदलली, की बदललेला भाग सर्व्हरकडे पाठवायचा आणि सर्व्हरवर काही नवे आले, की ते खाली उतरवायचे, हे त्याचे काम. ड्रॉपबॉक्स मोठ्या फाइलीचे चार-चार मेगाबाइटांचे तुकडे पाडते आणि बदललेले तुकडेच पाठवते. त्यामुळे हा मेळ इतका सहज बसतो, की फाइल ‘इथेच’ आहे असे वाटू लागते. या सेवेचे एक संस्थापक ड्र्यू ह्यूस्टन यांना बोस्टनहून न्यूयॉर्कला बसने जाताना पेन ड्राइव्ह घरी विसरल्याचे लक्षात आले आणि त्यातून ही कल्पना सुचली, असे ते सांगतात. कंपनी स्थापन झाली २००७ साली. तेव्हा डोळ्यांसमोर होते ते संगणक, घरचा एक आणि कचेरीतला एक.

आयपॅड बाजारात आला २०१० साली आणि त्याची घडण मुळातच निराळी होती. बॅटरी दिवसभर टिकावी म्हणून समोर उघडे असलेले अ‍ॅपच तेवढे पूर्ण जागे ठेवायचे, बाकीची निजवायची, असा त्याचा कारभार. आपण दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलो किंवा कव्हर मिटले, की आधीच्या अ‍ॅपला हातातले काम आटोपण्यासाठी थोडा अवधी मिळतो, तोही सेकंदांत मोजण्याइतका. चांगल्या बांधणीचे अ‍ॅप उरलेले पाठवण्याचे काम टॅब्लेटच्या मूळ यंत्रणेकडे सोपवू शकते. ते केव्हा करायचे हे मात्र यंत्रणा ठरवते. बॅटरी वाचवणारा ‘लो पॉवर मोड’ चालू असेल, तर पडद्याआडची कामे आणखी लांबणीवर पडतात. अँड्रॉइडमध्येही २०१५च्या सहाव्या आवृत्तीपासून स्वस्थ पडलेल्या उपकरणातील अ‍ॅपना अशीच झोप लावली जाते.

आपल्याकडे अनेकांना आणखी एक सवय असते. काम झाले, की उघडी अ‍ॅप बोटाने वर सरकवून फेकून द्यायची, म्हणजे बॅटरी वाचते अशी समजूत. आयपॅडवर असे केले, की त्या अ‍ॅपची पडद्याआड चाललेली पाठवणीही रद्द होते. टापटीप ठेवणाऱ्याच्या पदरी येणारे हे नुकसान मला विशेष अन्यायाचे वाटते.

तर बोगद्यात नेटवर्क नव्हते, बाहेर आल्यावर अ‍ॅपने पाठवायला घेतले असेल-नसेल, तोवर बॅटरी संपली. सर्व्हरला माझ्या दुरुस्त्यांची वार्ताही नव्हती. कार्यालयातील संगणकाने प्रामाणिकपणे सर्व्हरवरची प्रत दाखवली. मी तिच्यात फेरफार केले आणि ते ताबडतोब वर गेले. रात्री टॅब्लेट जागा झाला, तेव्हा त्याच्याकडेही बदललेली प्रत होती. दोन्हींचा उगम आदल्या रात्रीच्या एकाच मजकुरात, पण पुढे फाटे फुटलेले. यालाच ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणतात.

दुकानाचा रोजमेळ एकच असावा, पण मुख्य दुकान आणि शाखा दोन्हीकडे त्याच पानावर वेगवेगळ्या नोंदी व्हाव्यात, तसे हे आहे. मुनीम दोन्ही पाने समोर घेऊन विचार करू शकतो. मेळ घालणाऱ्या प्रोग्रामला तो अधिकार नाही. त्याच्या लेखी फाइल म्हणजे आकड्यांची रांग. ‘कै.’ हवे की नको, हे त्याने कसे ठरवावे? म्हणून तो दोन्ही प्रती राखतो. ड्रॉपबॉक्स दुसऱ्या प्रतीच्या नावाला ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असे शेपूट आणि तारीख लावते, वनड्राइव्ह संगणकाचे नाव जोडते. बिनशेपटाची फाइल तीच खरी किंवा तीच ताजी, असे आपण गृहीत धरतो. माझी चूक नेमकी तिथे झाली. शेपूट फक्त एवढेच सांगते, की ही प्रत सर्व्हरवर नंतर पोहोचली. काही अ‍ॅप तर विचारतही नाहीत, शेवटी आलेली प्रत आधीच्या प्रतीवर सरळ लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा शेपूट बरे.

हा पेच नवा नाही. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘कोडा’ नावाच्या फाइल-व्यवस्थेवर काम सुरू केले. जाळ्यापासून तुटलेल्या संगणकावरही काम चालू राहावे आणि जोडणी मिळताच दोन्ही बाजूंचा मेळ घालावा, ही त्यामागची कल्पना होती. काम अडू द्यायचे नसेल, तर क्वचित होणारा कॉन्फ्लिक्ट पत्करावा लागतो, हे त्यांनी स्वीकारले होते. आजच्या क्लाउड सेवाही तोच सौदा करतात. गुगल डॉक्समध्ये हा त्रास कमी जाणवतो, कारण तिथे अख्ख्या फाइलीऐवजी ‘या जागी हे अक्षर घातले, ते खोडले’ अशा क्रिया पाठवल्या जातात आणि त्या एकमेकींत गुंफता येतात. वर्डची साधी फाइल, फोटो किंवा हिशेबाचा तक्ता फोल्डरमध्ये ठेवून चालवला, तर ही सोय बहुधा मिळत नाही.

पुस्तके लिहिणाऱ्यांमध्ये प्रिय असलेल्या स्क्रिव्हनर या प्रोग्रामची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्याचा एक ‘प्रकल्प’ एक फाइल वाटतो, प्रत्यक्षात तो अनेक फाइलींनी भरलेला फोल्डर असतो. प्रत्येक प्रकरण वेगळे आणि प्रकरणांचा क्रम सांगणारी यादी वेगळी. आयपॅडवरील आवृत्ती २०१६ साली आली आणि ती ड्रॉपबॉक्समार्फत मेळ घालते. यादी पोहोचली पण प्रकरणे वाटेत राहिली, अशा क्षणी संगणकावर प्रकल्प उघडला, तर कादंबरीची पाने कोरी दिसू शकतात. अशा वेळी काही न लिहिता प्रकल्प बंद करून थांबणे, एवढाच उपाय. घाबरून केलेली दुरुस्ती जास्त महागात पडते.

उलट दिशेनेही फसगत होते. टॅब्लेटवर फोल्डर उघडला, की सगळी नावे दिसतात, पण ती फक्त नावे असतात. जागा वाचावी म्हणून मजकूर सर्व्हरवरच राहतो आणि नावाला बोट लावले म्हणजे खाली उतरतो. गाडीत बसल्यावर हे उमगते. प्रवासाआधी हवी ती फाइल ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवावी आणि एकदा उघडून पाहावी. संगणकावरही आता असेच आहे. वनड्राइव्हने विंडोजमध्ये २०१७ साली ही ‘मागाल तेव्हा’ देण्याची पद्धत आणली. नावाशेजारी ढगाचे चित्र असेल, तर फाइल तुमच्या यंत्रात नाही असे समजावे.

नकलांचा घोटाळा तर रोजचाच. आयपॅडवर ‘फाइल्स’ हे अ‍ॅप २०१७ साली आले. त्यापूर्वी प्रत्येक अ‍ॅपची कोठी स्वतंत्र होती, आणि एका अ‍ॅपमधील फाइल दुसऱ्यात उघडायची म्हणजे बहुधा तिची नक्कल करायची. दुरुस्ती नकलेत व्हायची, मूळ फाइल जशीच्या तशी. आजही व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ई-मेलने आलेली फाइल तिथूनच उघडून तिच्यात लिहिले, तर बहुधा हेच घडते. ती आधी क्लाउडच्या फोल्डरमध्ये जतन करावी आणि तिथून उघडावी.

मराठीत नावे देणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. ‘ऱ’ हे अखंड चिन्ह घेऊन, ‘र’ आणि नुक्ता जोडून, किंवा ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना तिन्ही रूपे सारखी, यंत्राला निराळी. मॅक आणि आयपॅड यांची २०१७ पूर्वीची फाइल-व्यवस्था अखंड ‘ऱ’ची फोड करूनच नाव साठवत असे, विंडोज मात्र नाव आले तसे ठेवते. त्यामुळे एकाच नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी दिसतात आणि शोध घेतला, तर एकच सापडते. २०१७ नंतरच्या व्यवस्थेने पहिल्या दोन रूपांतील भेद मिटवला, पण अदृश्य जोडचिन्हाचे रूप अजूनही वेगळेच धरले जाते. दुसरी गंमत विसर्गाची. ‘दुःख’ लिहिताना अनेक जण विसर्गाऐवजी कोलनची कळ दाबतात. गुगल ड्राइव्हवर असे नाव चालते, विंडोजमध्ये फाइलीच्या नावात कोलन वर्ज्य आहे. म्हणून नावे छोटी आणि साधी ठेवावीत, आणि नाव एकदाच द्यावे, एकाच यंत्रावर.

काही कारणे अगदीच क्षुल्लक असतात. गुगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये फाइलींची ने-आण फक्त वाय-फायवरच करण्याची सोय आहे. डेटा वाचवण्यासाठी कोणीतरी ती चालू केलेली असते आणि विसरलेले असते. आयक्लाउडवर फुकट मिळते ती ५ जीबी जागा, ड्रॉपबॉक्सवर २ जीबी. जागा भरली, की नवे काही वर जात नाही, टॅब्लेटवर मात्र लिहिता येत राहते. गुगलच्या जागेत जीमेलही मोजले जाते आणि २०२१च्या जूनपासून नवे फोटोही, तेव्हा लेखाच्या आड येते ते बहुधा कुणाच्या तरी लग्नाचे छायाचित्रण. ड्रॉपबॉक्सने २०१९च्या मार्चमध्ये फुकट खात्याला तीन उपकरणांची मर्यादा घातली. घरचा संगणक, कचेरीतला संगणक आणि फोन यांतच ती संपते.

खरी भीती आहे ती अडकलेला मेळ सोडवताना. टॅब्लेटवरचे अ‍ॅप हटून बसले, की ते काढून पुन्हा बसवावे, असा सल्ला हमखास मिळतो. वर न गेलेल्या दुरुस्त्या त्या अ‍ॅपच्याच पोटात असतात, अ‍ॅपबरोबर त्याही जातात. संगणकावरही हाच धोका आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगल ड्राइव्हच्या संगणकावरील प्रोग्रामच्या ८४व्या आवृत्तीत काही वापरकर्त्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या, तेव्हा गुगलने पहिली सूचना दिली ती हीच, की खाते ‘डिस्कनेक्ट’ करू नका आणि प्रोग्रामचा डेटा फोल्डर पुसू नका. वर न पोहोचलेला मजकूर तिथेच असण्याची शक्यता होती. पुढच्या महिन्यात तो परत मिळवण्याची रीत गुगलने जाहीर केली.

आणि क्लाउडवर फाइल आहे म्हणजे तिची राखीव प्रत आहे, असे नव्हे. टॅब्लेटवर फाइल पुसली, की ती संगणकावरूनही पुसली जाते, मेळ म्हणजे तोच. ड्रॉपबॉक्सच्या फुकट खात्यावर आणि गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेल्या गोष्टी ३० दिवस परत मिळतात. ज्याला मोल आहे, असा मजकूर महिन्यातून एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावा.

मी स्वतः आता टॅब्लेट मिटण्यापूर्वी अ‍ॅप उघडेच ठेवून पाठवणीचे चिन्ह थांबेपर्यंत वाट पाहतो. संगणकावर बसल्यावर लेखाच्या शेवटच्या ओळीकडे आधी नजर टाकतो. ती जुनी दिसली, तर त्या फाइलीला हात लावत नाही. टॅब्लेट नेटवर्कला जोडून उघडतो आणि तो वर पाठवेपर्यंत थांबतो. ते शक्य नसेल, तर संगणकावर नव्या नावाने वेगळी फाइल करून तिच्यात लिहितो. दोन फाइली झाल्याच, तर शेपूट कुणाला आहे हे न पाहता दोन्ही वर्डमध्ये उघडून ‘तुलना करा’ ही आज्ञा देतो. फरक रंगांत समोर येतात. ‘कै.’सुद्धा.